पाटाचे पाणी आणि सवयीचा इतिहास



पत्रिकेत विषय छापला आहे 'पर्यावरणपूरक ग्राहकसवयी आणि शासनाचे धोरण'. पुण्यात हा विषय ठेवला असता तर कापडी पिशवी, सोलर हीटर आणि इलेक्ट्रिक स्कूटर यांच्यावर तासभर बोलून सुटका झाली असती. माळेगाव बुद्रुकमध्ये तशी सुटका नाही. सरकारने लोकांच्या वापराच्या सवयी घडवायच्या, मग बिघडल्या म्हणून तक्रार करायची, मग पुन्हा घडवायच्या, हा सगळा प्रयोग नीरा डाव्या कालव्यावर जवळजवळ दीडशे वर्षे चालू आहे. हरित धोरण हा शब्द नवा असेल. प्रयोग जुना आहे, आणि त्याची नोंद तुमच्याच शिवारात आहे. म्हणून मी आज मुख्यतः पाण्यावर बोलणार आहे. स्वयंपाकघर आणि बाजार शेवटी येतील.

आधी एका शब्दाकडे लक्ष द्या. विजेच्या बिलावर तुमचा 'ग्राहक क्रमांक' असतो. पाटबंधारे खात्याच्या कागदावर मात्र तुम्ही ग्राहक नसता, 'लाभधारक' असता. ग्राहक मोजून घेतो, पैसे देतो आणि कमी मिळालं तर भांडतो. लाभधारकाला लाभ मिळतो. मिळालेला लाभ कुणी मोजत बसत नाही, आणि लाभ काटकसरीने वापरा असं सांगितलं तर माणसाला ते आपल्या वाट्यावरचं आक्रमण वाटतं. हा केवळ भाषेचा खेळ नाही. पाणी मोजून द्यायचं की क्षेत्रावर आकारायचं हा जो मूळ प्रश्न, त्याचं उत्तर या शब्दात आधीच देऊन टाकलेलं आहे.

आता इतिहास. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर सरकारला कालव्यांची निकड पटली. १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला, आणि भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधायला घेतलं. त्या जलाशयाला व्हाइटिंग नावाच्या अभियंत्याचं नाव दिलं होतं. वीरजवळच्या बंधाऱ्यातून डावा कालवा निघाला, तो १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैलांचा पाट. जुन्या धरणाच्या खालच्या अंगाला मोठं लॉइड धरण झालं ते बरंच पुढे, १९२८ च्या सुमारास.

आज ऐकायला विचित्र वाटेल, पण कालवा वाहू लागल्यावर सरकारपुढे पहिली अडचण आली ती ही, की पाणी घ्यायला कुणी तयार नाही. पाऊस बरा झाला की शेतकरी पाटाकडे फिरकत नसे. पाऊस दडी मारून बसला की सगळे एकदम धावत. म्हणजे एका वर्षी पाणी वाया आणि दुसऱ्या वर्षी मारामारी. सरकारी अहवालांचा सूर असा की दख्खनचा शेतकरी अडाणी, आळशी, त्याला स्वतःचं हित कळत नाही. मला ते अहवाल वाचताना नेहमी वाटतं की शेतकऱ्याचा हिशेब जास्त पक्का होता. काळ्या भारी जमिनीला पावसाळ्यात वरून पाणी दिलं तर पीक पिवळं पडतं. बागायत करायची तर खत पाहिजे, बैल पाहिजेत, मजूर पाहिजेत, आणि या सगळ्यासाठी सावकार पाहिजे. ज्वारी-बाजरीच्या उत्पन्नात हा खर्च बसत नाही. कालवा पाणी देत होता, भांडवल देत नव्हता. कॅनडातले मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवुड यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाचा इतिहास लिहिताना या नीरा कालव्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचं 'रेझिंग केन' हे पुस्तक १९९२ चं. कालव्यावरच्या शेतकऱ्याने उसाकडे वळण्याचा निर्णय परिस्थिती तपासून घेतलेला आहे, हे त्या अभ्यासातून दिसतं.

तर मग पाणी खपवायचं कसं? खर्च पेलणारं आणि बारमाही पाणी पिणारं पीक एकच होतं, ऊस. सासवडकडचे माळी शेतकरी बागायतीत तरबेज. ते कालव्याच्या बाजूने खाली सरकत आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस करू लागले, गुऱ्हाळं लागली, बारामती ही गुळाची पेठ झाली. याच मंडळींनी पुढे १९३० च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला.

याच टप्प्यावर विश्वेश्वरय्या येतात. म्हैसूरचे दिवाण होण्याआधी ते मुंबई इलाख्यात अभियंता होते, आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. कल्पना अशी: विखुरलेल्या तुकड्यांना पाणी देत बसण्यापेक्षा एका जागी गट ठरवायचा, त्यातल्या साधारण एक तृतीयांश क्षेत्रात ऊस, उरलेल्यात खरीप-रब्बीची पिकं, आणि सहा वर्षांसाठी पाण्याची हमी. पिकांची फेरपालट होईल, पाणी जास्त गावांत पोचेल, खात्याला दरवर्षी निश्चित महसूल मिळेल. कागदावर ही योजना उत्तम होती. आजच्या भाषेत तिला हरित धोरणच म्हणावं लागेल, कारण उसावर मर्यादा घालणं हा तिचा अर्धा भाग होता.

यातला कुठला अर्धा भाग टिकला? हमीचा टिकला. मर्यादेचा झिजत गेला. सहा वर्षांची हमी मिळाली की त्यावर कर्ज मिळतं, कर्जावर ऊस उभा राहतो, उसावर घर उभं राहतं. एकदा घर उभं राहिल्यावर तृतीयांशाची अट पाळायला कोण सांगणार? शिवाय आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर होती. एकरी पट्टी भरली की त्या एकराला किती पाणी पाजलं हे विचारणारं कुणी नाही. दारं धरणारा माणूस रात्री सरी भरली की झोपतो, आणि सरी फुटून पाणी ओढ्याला गेलं तरी बिलात एक पैसा वाढत नाही. त्यात पुढच्या पाळीची खात्री नाही. मग आज मिळतंय तेवढं घेऊन ठेवा. एकाच तऱ्हेने पैसे मोजले आणि एकाच तऱ्हेची अनिश्चितता सोसली की दोन-तीन पिढ्यांत त्याची सवय होते, आणि त्या सवयीला मग आपण 'शेतकऱ्याची मानसिकता' म्हणतो. मानसिकता हा शब्द आमच्या विद्यापीठांनी फार सैल करून ठेवला आहे.

परिणाम दिसायला पंचवीस वर्षं पुरली. १९१० साली हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी कृषी खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पत्रिका लिहिली. मान म्हणजे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे ज्यांचं दख्खनच्या एका खेड्यावरचं पुस्तक गाजलं तेच. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षांत, त्याच कालव्याच्या काठी, काळी कसदार जमीन पांढरी पडू लागली होती. भारी जमिनीला निचरा नाही, वरून पाणी भरमसाट. जमिनीतले क्षार वर आले. खारवट आणि चोपण हे दोन शब्द इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगायला नकोत. म्हणजे हे धोरण चुकतंय हे सरकारच्याच माणसांनी सरकारलाच शंभर वर्षांपूर्वी लिहून दिलेलं आहे. मग चर खोदले, निचऱ्याचे प्रयोग झाले. आकारणीची पद्धत मात्र बदलली नाही.

इथून जवळच पाडेगावला ऊस संशोधन केंद्र आहे, १९३२ पासूनचं. त्याची एक गोष्ट या विषयात फार उपयोगी पडते. या केंद्राने १९९६ साली को ८६०३२ हा वाण दिला, नाव 'नीरा'. काही वर्षांत तो महाराष्ट्रभर पसरला. मग फुले २६५ आला, चोपण जमिनीतसुद्धा तग धरणारा, तोही पसरला. वाण बदलायला कुणी सक्ती केली नाही, दंड लावला नाही, पथनाट्य केलं नाही. पट्टा पद्धतीने लावा, एकाआड एक सरीत पाणी द्या, पाचट जाळू नका, हे सल्लेही संशोधन केंद्रं कित्येक वर्षं देत आली, ते मात्र रखडत चालले. ऐकणारा शेतकरी तोच, सांगणारे शास्त्रज्ञ तेच. फरक एवढाच की वाण बदलला तर टनेज वाढतं आणि त्याचं बिल कारखाना देतो. पाणी वाचवलं तर त्याचं बिल कुणीच देत नाही. शेतकरी शास्त्राला विरोध करतो ही समजूत यातून निकालात निघायला हवी होती.

स्वातंत्र्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तो भाग तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जगला आहात. १९५० च्या दशकात सहकारी कारखानदारी आली, माळेगावचा कारखानाही त्याच दशकातला. कारखाना उभा राहिला की त्याला रोज ठरावीक ऊस लागतो. म्हणजे उसाची सवय आता एका शेतकऱ्याची राहिली नाही, यंत्राची झाली. इकडे १९७९ साली वि. म. दांडेकर, देऊसकर आणि दत्ता देशमुख यांनी आठमाही पाणी देण्याची मांडणी केली: बारमाही पिकाला धरणाचं पाणी देत राहाल तर ते थोड्यांनाच पुरेल, आठ महिने द्या, जास्त लोकांना द्या. १९८७ मध्ये शासनाने आठमाहीचं धोरण स्वीकारलं. स्वीकारलं, एवढंच म्हणू या. राज्यातल्या लागवडीच्या क्षेत्रात उसाचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून बराच अधिक, ही तुलना त्यानंतरच्या प्रत्येक चर्चेत येत राहिली आहे.

विजेचं पाहा. सत्तरच्या दशकात शेतीपंपांचे मीटर बाजूला ठेवून अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. पाच एचपीची मोटर असेल तर एवढे पैसे, मग ती तासभर चालो की रात्रभर. पाण्याची एकरी पट्टी आणि विजेची एचपीची पट्टी या सख्ख्या बहिणी. त्यात भारनियमन आलं, वीज रात्री येऊ लागली. रात्री दोन वाजता थंडीत, सापकिरडूच्या भीतीत कोण उठणार? शेतकऱ्याने मोटरीला 'ऑटो' बसवला. वीज आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. जमिनीला ओल आहे की नाही हे विचारायला मध्ये माणूसच उरला नाही. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, सवय या विषयावर पुस्तकं बरीच वाचली आहेत. पण ऑटो स्विचइतकं सवयीचं चोख रूप मला पुस्तकात मिळालं नाही. निर्णय घेण्याचा क्षण माणसाच्या हातून काढून एका डबीत ठेवून दिला! ती डबी शेतकऱ्याने विकत आणली हे खरं, पण ती विकत आणायला लावणारं वेळापत्रक कुणाचं होतं? २००४ मध्ये शेतीची वीज फुकट झाली, २००५ मध्ये ते मागे घेतलं, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत पुन्हा मोफत. आता तर एचपीचा हिशेबही उरला नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकात म्हटलं आहे की कायदे करणारे नागरिकांना सवयी लावून चांगले बनवतात, आणि ज्या कायदेकर्त्याला हे साधत नाही तो चुकतो. हे वाक्य वर्गात शिकवताना विद्यार्थी माना डोलवत. आपण त्याची दुसरी बाजू वाचायला विसरतो. कायदा चांगली सवय लावतो तसाच वाईटही लावतो, आणि तीही त्याच चिकाटीने. सोय करून दिली, ती चाळीस वर्षं चालू ठेवली, आणि नंतर एक दिवस फलक लावला की 'पाणी हेच जीवन, जपून वापरा'. असा फलक वाचणाऱ्याच्या मनात जी चीड येते तिला मी बेजबाबदारपणा म्हणणार नाही.

मग सवय बदलतच नाही का? बदलते. आणि त्यासाठी परदेशी जायला नको, शेजारच्या तालुक्यात जाऊ या. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक अभियंता-उद्योजक पुरंदरमध्ये आले. नायगावला देवस्थानची चाळीस एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पाण्याचे प्रयोग केले, त्यातून पाणी पंचायत जन्मली. तिचे नियम आजही धक्का देतात. पाणी जमिनीवर नाही, माणशी: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा एक हिस्सा लाभार्थ्यांनी आधी भरायचा. लोकांनी हे मान्य केलं, कारण ज्या माणसाचं पाणी मी जास्त घेतलं तो माणूस मला संध्याकाळी पारावर भेटणार होता. अर्थात जिराईत, उपाशी गावात हे मान्य होणं आणि कालव्याच्या हेडला बसलेल्या बागायतदाराने मान्य करणं यात अंतर आहे. पाणी पंचायत महाराष्ट्रभर नावाजली गेली; कालव्यावरच्या गावांनी तिचं कौतुक केलं आणि पुढे गेले.

कालव्यावरचं उदाहरण हवं असेल तर ते नाशिक जिल्ह्यात आहे, दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर. तिथे टेलला ओझरची गावं, पाणी पोचतच नसे. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकात टेलकडून पाणीवापर संस्था बांधायला सुरुवात केली. खात्याने संस्थेला पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून द्यायचं. आत वाटप कसं करायचं ते संस्था ठरवणार. पीक कोणतं घ्यायचं ते शेतकरी ठरवणार. पुढे हळूहळू सगळा प्रकल्पच संस्थांच्या हाती आला. गंमत बघा, उसावर बंदी कुणीच घातली नाही. मोजून पाणी मिळायला लागल्यावर आणि पाळी ठरल्या दिवशी येणार याची खात्री झाल्यावर शेतकरी स्वतःच द्राक्षं, भाजीपाला अशा पिकांकडे वळला. पाणीपट्टी वसूल होऊ लागली. २००५ साली महाराष्ट्राने पाणीवापर संस्थांचा कायदा केला आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही. त्यांच्यामागे अशा अनुभवांची पुण्याई होती. कायदा होऊन वीस वर्षं झाली. बहुतेक ठिकाणी मोजमापाची साधनं एकतर बसली नाहीत किंवा बसून बंद पडली.

मी यातला मोजमाप हा मुद्दा धरून बसलो आहे, कारण धोरणकर्त्यांना दुसरा मुद्दा आवडतो: अनुदान. ठिबकला अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने काही प्रकल्पांच्या क्षेत्रात उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला, त्यासाठी दोन टक्के व्याजाने कर्ज देऊ केलं. ठिबक चांगलं आहे, यात वाद नाही. शेजारी माळेगाव खुर्दला अप्पासाहेब पवारांनी उभ्या केलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने या भागाला ते केव्हाच दाखवून दिलं. पण ठिबकने एका एकराचं वाचलेलं पाणी जातं कुठे? पाणी मोजलेलं नसेल आणि कुणाच्या नावावर जमा होत नसेल तर ते शेजारच्या, काल जिराईत असलेल्या एकराला जातं, आणि तिथेही ऊस उभा राहतो. १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल हेच सांगितलं होतं: वाफेचं इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी लागत नाही, इंजिनं वाढतात. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात लबाडी काही नाही. त्याचं उत्पन्न वाढलं. फक्त इंदापूरच्या टेलला जे पाणी पोचायचं ते पोचलं नाही.

आता घरात येऊ. घरातली दोन उदाहरणं शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने 'उजाला' योजना सुरू केली. एलईडी दिवे एकगठ्ठा खरेदी केले, त्यामुळे दिव्याचा खरेदीदर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरला. बघता बघता पिवळा बल्ब घरांतून गेला. कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबंदी आणली. २३ मार्चला अधिसूचना, २३ जूनपासून अंमल, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, मग दहा हजार, मग पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. पहिला आठवडा भाजीबाजारात घबराट. आठ दिवसांत किराणा दुकानांच्या वेष्टनाला सवलती सुरू झाल्या. वर्षभरात पातळ पिशवी हातगाडीखालून पुन्हा बाहेर आली, आणि तिच्या जोडीला कापडासारखी दिसणारी, पण प्लास्टिकच्याच धाग्याची दुसरी पिशवी आली.

लगेच कुणी म्हणेल, लोकांना स्वस्त पाहिजे, दंड चालत नाही. एवढं सोपं नाही. दिवा माणूस दोन-चार वर्षांतून एकदा घेतो. एकदा बदलला की काम झालं, त्यात सवय नाहीच. पिशवी रोज, मंडईत, हात रिकामे असताना मागितली जाते. पाच हजारांचा दंड त्या क्षणी तिथे नसतो, तो कधीतरी येणाऱ्या निरीक्षकाच्या खिशात असतो. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीवर पंधरा सेंटचा कर लावला, आणि तो दुकानाच्या गल्ल्यावर, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत घेतला. पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. पंधरा सेंट म्हणजे तिथे काहीच नाही. परवडत नाही म्हणून लोक थांबले नाहीत. "पिशवी हवी का?" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला म्हणून थांबले. एकरी पट्टीत, एचपीच्या बिलात आणि ऑटो स्विचमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला जात नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दलही एक शब्द बोलतो, कारण तुमच्या उसाचा तो नवा ग्राहक आहे. २००३ मध्ये पाच टक्के मिश्रणापासून सुरुवात झाली, २०२२ मध्ये दहा टक्के झालं, २०२५ मध्ये वीस. पुण्यातला गाडीवाला पंपावर काहीही न बदलता हरित झाला. त्याच्या टाकीतला धूर मोजला जातो. त्या उसाला दिलेलं नीरेचं पाणी त्या हिशेबात येत नाही. आणि पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनेच निर्बंध घातले. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. कारखान्यांना त्याने श्वास दिला हे दिसतं आहे. पण एका ग्राहकाची हरित सवय दुसऱ्याच्या विहिरीतून भरली जात असेल तर निदान तसं म्हणायला हवं.

विहिरीवरून आठवलं. मघापासून काही मंडळी चुळबुळ करताहेत, आणि मला दोन चिठ्ठ्याही आल्या आहेत.

पहिली चिठ्ठी कालव्याच्या अस्तरीकरणाबद्दल आहे. विचारणाऱ्याने लिहिलंय, 'पाणी वाचवायचं तर कालवा सिमेंटचा करा म्हणतात, मग आमच्या विहिरींचं काय?' प्रश्न रास्त आहे. या कालव्यावर अस्तरीकरणाला विरोध झाला तो उगाच नाही. खात्याच्या कागदावर जी गळती आहे ती काठच्या गावाचं भूजल आहे. शंभर वर्षं त्या पाझरावर विहिरी पडल्या, कर्जं निघाली, बागा झाल्या. ही सवयसुद्धा धोरणानेच लावलेली. पण टेलचा शेतकरीही याच कालव्याची पट्टी भरतो, आणि त्याच्या वाट्याचं पाणी तुमच्या विहिरीत पाझरतं. सिमेंट ओतून हा तंटा सुटणार नाही आणि सिमेंट अडवूनही सुटणार नाही. वाघाडला विहिरीचं पाणी आणि पाटाचं पाणी एका हिशेबात धरलं गेलं, विहीरवाल्यांना संस्थेत घेतलं. इथे विहीर ही खाजगी आणि पाट सरकारी, असे दोन हिशेब आहेत. ते एका वहीत आणायचं काम अभियंत्याचं नाही.

दुसरी चिठ्ठी एका तरुणाची दिसते. 'आता ऊसशेतीत एआय आलंय, मोबाईलवर कळतं पाणी कधी द्यायचं. मग सवय आपोआप बदलेल ना?' बारामतीत हा प्रयोग चालू आहे आणि मला त्याचं कुतूहल आहे. मोबाईल सांगेल की आज पाणी नको, चार दिवसांनी द्या. चांगलंच आहे. पण आवर्तन आज आहे, चार दिवसांनी चारी कोरडी असणार. वीज आज रात्री आहे, आणि मोटरीला ऑटो लावलेला आहे. म्हणून मी तुला उलट विचारतो, बाबा: तुमच्या चारीच्या तोंडाशी पाणी मोजायचं साधन आहे का, आणि गेल्या आवर्तनात त्यातून किती पाणी गेलं हे तुमच्या गावात कुणी लिहून ठेवलंय का? असेल तर ती वही मला बघायची आहे. सभा संपल्यावर थांब.